तिसऱ्या चंद्राच्या माणसाचं दुसरं मरण

प्रताप नगर, नागपूर
११ जानेवारी २०२४

ती. मोठे बाबांस,
प्रणालीचा शि. सा. न. वि. वि.

परवा मोठी आईशी फोनवर बोलले. तुमची तब्येत ठीक आहे, पण कान आता अगदीच गेले, असं म्हणाली. सारं आयुष्य मागाच्या खडखडाटात काढल्यावर दुसरं काय होणार. मोबाइलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, म्हणून पोस्टात जाऊन हे पाकीट आणलं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, नोकरीचा अर्ज आहे का.

आता मुद्द्याचं. तुम्ही तरुणपणी एका सिनेमात होता, हे बाबांनी एकदा ओझरतं सांगितलं होतं. तो सिनेमा मागच्या महिन्यात मी पाहिला. कोणीतरी इंटरनेटवर टाकलाय. 'तिसऱ्या चंद्राचा माणूस'. कन्हान नदीच्या वाळूत उतरणारी उडती तबकडी, तिला धरून ठेवणारी दोरी, डोक्यावर अॅल्युमिनियमचं पातेलं, आपला घरातला गंज, घातलेला चंद्रावरचा माणूस. गंजाखालचा चेहरा ओळखायला मला वेळच लागला नाही.

खोटं सांगत नाही, आम्ही खूप हसलो. आम्ही म्हणजे मी आणि सौरव. तो माझ्यासोबत लग्नाचे व्हिडिओ करतो. तो कॅमेरा धरतो, मी कापाकापी करते. हसून झाल्यावर आम्ही तो पुन्हा पाहिला, आणि पुन्हा. आता आम्हाला त्याच थाटाचा एक छोटा सिनेमा करायचाय. तशीच दोरी, तसाच गंज, सगळं मुद्दाम. जुन्या गरीब विज्ञानपटांची प्रेमानं केलेली नक्कल म्हणा. त्यात चंद्रावरचा माणूस तुम्हीच व्हावं, अशी इच्छा आहे.

रागावू नका. मोठी आईस नमस्कार. उत्तराची वाट पाहते. तुमची माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
प्रणाली

---

खापा
१९ जानेवारी २०२४

चि. प्रणालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुह्यं अक्षर सुधारलं नाही. इकडे थंडी बरी आहे, वांगे चांगले निघून राहिले.

सिनेमाचं म्हणशील तर माह्यं उत्तर नाही असं आहे. काहून ते लिहितो, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस.

तो सिनेमा सुमंतभाऊंनी केला. नागपूरले त्यांचा फोटो स्टुडिओ होता. ते आमच्या मोहल्ल्यात लग्नाचे फोटो काढायले आले होते. मी उंच, सडपातळ. मले पाहून म्हणाले, तू पृथ्वीवरचा दिसत नाहीस. माह्या आईले, म्हणजे तुह्या आजी इंदूबाईले, ते काही आवडलं नाही. पण तिनंच मले चमकीच्या कापडाचा तो पोशाख शिवून दिला.

सुमंतभाऊ थट्टा करून राहिले नव्हते, हे ध्यानात घे. दुसऱ्या ग्रहावरचा माणूस येतो, त्याले इथले लोक मारून टाकतात, अन् मरताना तो त्यांनाच आशीर्वाद देतो, असं ते होतं. आम्ही ते मनापासून केलं. मरणाचा सीन घेताना मागून एक शेळी आली अन् माह्या गंजावरच्या एरियलची तार चावू लागली. रीळ संपलं होतं. तो सीन तसाच ठेवावा लागला.

सावनेरच्या जत्रेत तंबूत सिनेमा लागला. आई माह्याजवळ बसली होती. मी मेलो अन् लोक हसले. एक दोघं नाही, अख्खा तंबू. तेव्हा माह्ये कान चांगले होते. आई उठली, मी तिच्या मागं निघालो. त्या दिवसापासून मी सिनेमाच्या दारात गेलो नाही.

मले हसले तर आता काही वाटत नाही. पण सुमंतभाऊंना हसणं माह्याच्यानं होणार नाही. ते अजून आहेत, नागपूरलेच मोठ्या मुलाकडे राहतात. त्यांनी त्यानंतर दुसरा सिनेमा केला नाही. त्यांना विचार. ते हो म्हणाले तरच माह्याकडे ये.

तुही मोठी आई भागीरथा आशीर्वाद सांगते. खाऊन पिऊन राहजो.

तुझा,
मोठा बाबा

---

प्रताप नगर
६ फेब्रुवारी २०२४

ती. मोठे बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुमंतकाकांकडे जाऊन आले. त्यांना चालता येत नाही, पण खिडकीशी बसून रस्त्यावर सगळ्यांना हाका मारतात. मी तुमची पुतणी आहे असं सांगितल्यावर त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, उंची नाही आली तुला.

तुम्ही सांगितलंत तसं मी सरळ विचारलं. आम्ही तुमच्या सिनेमाची नक्कल करणार, लोक हसतील, चालेल का. त्यांनी मला तो सिनेमा लावायला सांगितला. माझ्या मोबाइलवर, इतक्या छोट्या पडद्यावर, त्यांनी तो पूर्ण पाहिला. तबकडीच्या दोरीला ते हसले. तुम्ही मरता तिथे हसले नाहीत. मग म्हणाले, त्या दिवशी मी तंबूत मागं उभा होतो, तुमचा श्रावण आईला घेऊन बाहेर निघाला ते पाहिलं. पुढे जाऊन बोलायचं धैर्य झालं नाही.

पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहिते. म्हणाले, कर बाई तुझा सिनेमा. दोरी दाखव, गंज दाखव, माझं काय चुकलं ते सगळं दाखव. पण माणूस श्रावणच घे. त्यानं एकदाही कॅमेऱ्याकडे पाहून डोळा मारला नाही. त्याला विनोद शिकवू नको, त्याला मनापासून करू दे.

तुमच्या अटीप्रमाणे झालं. आता तुमचं काय ते कळवा. सौरव रोज विचारतो. मोठी आईस नमस्कार. लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
प्रणाली

---

खापा
१६ फेब्रुवारी २०२४

चि. प्रणालीले,
मोठी आईचे आशीर्वाद.

तुह्या मोठ्या बाबानं तुह्यं पत्र वाचून खिशात ठेवलं अन् दोन दिवस ते घेऊनच फिरले. मग म्हणतात, भागीरथा, घरात मोठा गंज कोणता आहे. म्हणजे हो समज. ते स्वतः काही लिहिणार नाही, म्हणून मी लिहून राहिली.

पण तुले सांगते वं, आता घरात राहणं कठीण झालं. सकाळी उठून अंगणात मरून राहिले. हात वर करतात, डोलतात, अन् धाडकन पडतात. पहिल्या दिवशी शेजारचा धोंडबा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. त्याले मी काय सांगू? आता त्याले सवय झाली, पडले की तो कुंपणावरून विचारतो, आज कसं झालं.

बीपीची गोळी चालू आहे. पडायचं असन तिथं खाली गादी टाकजो. गंज डोक्यात गच्च बसतो, जास्त वेळ ठेवू नको.

एक मनातलं लिहिते. माह्यं लग्न त्या सिनेमाच्या नंतरचं. या माणसानं मले त्याच्याबद्दल कधी सांगितलं नाही, अन् मीही विचारलं नाही; तुले लिहिलेलं पत्र वाचलं तेव्हाच समजलं. इतक्या वर्षांत त्यांना मी दाढी करायची सोडून कधी आरशासमोर उभं पाहिलं नव्हतं. काल उभे होते. लोकांनी पुन्हा तसंच केलं तर मी काय करू, एवढंच सांग.

पोरी, नीट राहा. लोणचं पाठवते.

तुझी,
मोठी आई

---

खापा
२ एप्रिल २०२४

चि. प्रणालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही काल सुखरूप पोचलो. बसमध्ये जागा मिळाली.

कळमेश्वरच्या माळावर तुम्ही पोट्ट्यांनी मले छान सांभाळलं, याबद्दल तुझे अन् सौरवचे आभार मानायचे राहिले होते. गादी होती. पुठ्ठ्याची शेळी दोरीनं ओढत होते तेव्हा मले वाटलं होतं की आता आपल्याच्यानं मरणं होणार नाही, हसू येईन. पण डोळे मिटले अन् आपोआप झालं.

आता परवाच्या खेळाबद्दल. कॉलेजचं सभागृह भरलं होतं. तू आम्हाला पहिल्या रांगेत बसवलंस. पडद्यावर मी दिसलो अन् खुर्चीचा हात थरथरला, त्यावरून समजलं की मागं काहीतरी आवाज झाला असन. मी मान वळवली. मग पडदा सोडून लोकांकडेच पाहत बसलो. दात दिसून राहिले होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारून राहिले होते. ते हसणं समजलं. वाईट वाटलं नाही.

पण मी मेलो तेव्हा दिवे गेल्यासारखा अंधार झाला. तुम्ही तसंच ठेवलं असन. मले चेहरे दिसले नाही. नुसते खांदे हलताना दिसत होते. खांदे हसतानाही हलतात अन् रडतानाही. मी भागीरथाले विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तिनं हातानं खूण केली की सगळे रडून राहिले.

तिचं मी धरत नाही. ती माह्या बाजूची आहे. सुमंतभाऊले मी रविवारी भेटायले जाणार आहे. ते येऊ शकले नाही, ते हेच विचारतील. त्यांना मी खोटं सांगणार नाही. म्हणून तू लिही, लोक काय करून राहिले होते. मले बरं वाटावं म्हणून लिहू नको.

तुझा,
मोठा बाबा

---

प्रताप नगर
४ एप्रिल २०२४

ती. मोठे बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सौरव स्वतः घेऊन येतोय, म्हणजे रविवारच्या आत मिळेल.

हसत होते, मोठे बाबा. तुम्ही मेलात तेव्हा सगळे हसत होते. पुठ्ठ्याची शेळी आली तेव्हा तर सर्वांत जास्त. मी मागे दाराशी उभी होते, मला नीट ऐकू येत होतं. रडणारी मोठी आई एकटीच होती.

हे लिहिताना दोनदा कागद फाडला. पहिल्या कागदावर मी लिहिलं होतं, की काहीजण रडले. तसं मला कोणी दिसलं नाही.

जे दिसलं ते एवढंच. तुम्ही हात वर करून आशीर्वाद देता तिथे माझ्या समोरच्याच रांगेतल्या दोन पोरांनी नकळत हात जोडले, आणि हसतच होते. ते का, मला सांगता येत नाही. तुम्हालाही कदाचित नाही येणार.

सुमंतकाकांना माझा नमस्कार सांगा. माझ्यावर राग असेल तर तोही कळवा.

तुमची,
प्रणाली

---

खापा
९ एप्रिल २०२४

चि. प्रणालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग नाही. खरं लिहिलंस ते बरं केलंस. सौरव दोन ताटं जेवला.

रविवारी भागीरथाले घेऊन सुमंतभाऊंकडे गेलो. मी त्यांना तुह्यं पत्रच वाचायले दिलं. वाचून त्यांनी ते घडी करून परत दिलं. मले वाटलं, चूक झाली. मग त्यांनी भागीरथाले काही विचारलं. तिनं उत्तर दिलं, अन् ते माह्याकडे पाहून हसले, दात नसलेलं तोंड चांगलं उघडून. असे हसताना मी त्यांना त्या वेळीही पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर भागीरथानं अंगणातल्या फरशीवर खडूनं लिहून मले समजावलं. त्यांनी विचारलं होतं, मधून कोणी उठून गेलं का. ती म्हणाली, एकही नाही. त्यावर ते म्हणाले, सावनेरच्या तंबूत शेवटपर्यंत मी अन् तंबूवाला दोघंच उरलो होतो.

येताना भागीरथा बसमध्ये माह्यावर रुसून बसली. तिचं म्हणणं, माणूस मेल्यावर हसतात त्या लोकांचं कौतुक कायले करता. मी तिले खिडकीकडची जागा दिली.

सौरवले सांगजो, कोणाले मरायले माणूस पाहिजे असन तर मी घरीच आहे. शनिवारचा बाजार सोडून कधीही.

आमचा जीव तुमच्यात असतो, हे लिहायची गरज नसावी.

तुझा,
मोठा बाबा