राउटरसमोरच्या रेघा

६ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा गोठलं. स्नेहल मॅडम पडद्यावर तोंड अर्धं उघडं ठेवून थांबल्या आणि नेमके तेव्हाच हे "पाणी" म्हणाले. स्पष्ट. मी स्वतः ऐकलं. चार मिनिटांनी चित्र हललं तर मॅडम म्हणतात, "श्रीपतराव, इकडे काहीच नाही आलं. परत म्हणा." यांनी माझ्याकडे बघितलं. आपण बोललोच नाही, असंच यांना वाटलं. मी सांगत राहिले, अहो म्हणालात तुम्ही, मी ऐकलंय. पण शब्द परत आला नाही.

मे महिन्यात यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. पाय ओढत का होईना चालतात. उजवा हात अजून लुळा आहे. समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार मॅडम मुंबईहून लॅपटॉपवर बोलण्याचा सराव घेतात. पोलादपुरात हे शिकवणारं कोण आहे? त्या भेटल्या हेच आमचं नशीब. आणि आडवं काय येतंय, तर नेट!

७ जानेवारी, मंगळवार

नेट जोडणारा अश्वजित आला. शहाणा मुलगा, निवांत बघतो. मोबाइलवर वेग मोजला – राउटरपाशी भरपूर, आतल्या खोलीत लॅपटॉपवर काहीच नाही. "वहिनी, राउटर टीव्हीच्या मागे, मध्ये लोखंडी कपाट, वर ह्या जांभ्याच्या जाड भिंती. सिग्नल पोचणार कसा?"

राउटर काढून स्वयंपाकघराच्या दाराशी, फ्रिजवरच्या फळीवर ठेवला. तिथून आतली खोली समोर. फ्रिजच्याच बोर्डात पिन लावली. लॅपटॉपमध्येही काहीतरी बदललं – बॅटरी वाचवायला तो म्हणे वायफाय मध्येच झोपवायचा. आता चित्र एकदम स्वच्छ. त्याला चहा दिला. बरं वाटलं.

८ जानेवारी, बुधवार

दहा मिनिटं सुंदर चाललं. मग सगळंच गेलं. गोठणं नाही, नेटच गायब. तीन मिनिटांनी आलं, थोड्या वेळाने परत गेलं.

शेवटी मॅडमनी यांना आराम करायला सांगितलं आणि माझ्याशी बोलल्या. "वैशालीताई, दोष कुणाचा नाही. पण असं तुटक झालं की त्यांचा धीर सुटतो. फायद्याऐवजी नुकसान होतं. आणखी दोन आठवडे बघू. नाहीतर ही वेळ मला दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल, रांग आहे हो माझ्याकडे." रागावल्या नव्हत्या. त्यामुळे जास्तच लागलं.

९ जानेवारी

हेल्पलाइन. "बंद करून चालू करा." पाच वेळा केलं.

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळपासून हे खुर्ची ओढून फ्रिजसमोर बसलेत. मांडीवर माझी ब्लाउजची मापं लिहायची वही, डाव्या हातात पेन्सिल. नुसत्या उभ्या रेघा मारतायत. डोक्यावर काही नवीन परिणाम झाला की काय? सासूबाई म्हणाल्या, "बसू दे गो त्याला. कोनाला तरास देत नाय."

दुपारी मला हाताने बोलावलं आणि वहीत एक उभा चौकोन काढला, मध्ये आडवी रेघ. फ्रिज. मी ताक काढून दिलं. ढकललं. पुन्हा चौकोनावर बोट आपटलं. सासूबाई म्हणाल्या, "भूक लागली असंल." भाकरी आणली. तीही ढकलली. तोंडातून "ते… ते… ते…" एवढंच. मग पेन्सिल फेकली. डोळ्यांत पाणी.

आणि मी काय बोलले? "मला नाही कळत तुमचं!" ओरडलेच.

संध्याकाळचा सराव पंधरा मिनिटांत तुटला. यांनी स्वतःच लॅपटॉप मिटला.

११ जानेवारी, शनिवार

कालच्या ओरडण्याची लाज वाटून लवकर उठले. मापं बघायला वही उघडली तर त्या रेघा. नीट बघितल्या. दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत लांब रेघा, खालच्या ओळीत आखूड. आणि प्रत्येक लांब रेघेच्या बरोबर खाली एक आखूड. एकही चुकलेली नाही.

शिलाई बाजूला ठेवली. स्टूल घेऊन यांच्याशेजारी जाऊन बसले. काही विचारलं नाही. वीसेक मिनिटं तशीच गेली.

मग फ्रिज घुर्र करून सुरू झाला आणि त्याच क्षणी राउटरचे सगळे दिवे विझले. मग एकेक करून लागले. यांनी वर एक लांब रेघ मारली, खाली एक आखूड, आणि माझ्याकडे बघितलं.

सोळा वर्षं एमआयडीसीतल्या कंपनीत यांनी हेच केलं. कुठल्या मीटरचा काटा खोटं बोलतोय, कुठली वायर सैल आहे, कशामुळे काय बंद पडतंय. सुट्टीच्या दिवशीही कंपनीतून फोन यायचे. तो माणूस इथेच होता, पूर्ण शाबूत. आठ महिने आम्ही त्याला भरवतोय, पुसतोय, त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलतोय. आणि त्याने दोष शोधून दाखवला तर मी ताक दिलं.

राउटरची पिन उपटली, लांब वायर टाकून बाहेरच्या खोलीतल्या बोर्डात लावली. मग दोघं फ्रिजची वाट बघत बसलो. तो सुरू झाला. दिवे हलले नाहीत. पुन्हा वाट बघितली. पुन्हा नाहीत.

सासूबाई दारात आल्या. "काय झालं? नेट गेलं काय परत? रडताय कशाला दोघं?"

"नाही आई," म्हटलं. "आलंय."

१३ जानेवारी, सोमवार

पाऊण तास, एकदाही न तुटता. पाणी, दार, आई – तीन शब्द, तिन्ही मॅडमना ऐकू गेले. तिकडून "शाब्बास" आलं की इकडे यांचा चेहरा बघावा.

शेवटी मी रेघांचं सगळं सांगितलं, ताकासकट. मॅडम एकदम गप्प. मला वाटलं, गेलं परत! पण त्या चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी त्यांना लहान मुलांची चित्रं दाखवत होते. पुढच्या वेळेपासून त्यांच्या कामातले शब्द घेऊ. तुम्ही मला यादी करून द्या."

यादी यांनीच केली, चित्रं काढून. मला अर्ध्या वस्तू ओळखू आल्या नाहीत. या वेळी ओरडले नाही. हे हसले.

१४ जानेवारी, संक्रांत

अश्वजित तिळगूळ घेऊन आला. फ्रिजचा बोर्ड उघडून बघितला – आतली एक वायर सैल, टोक काळं पडलेलं. फ्रिजने जोर घेतला की राउटरची वीज तुटायची. तो गेला यांच्यासमोर आणि म्हणाला, "दादा, राउटर मीच तिथे लावला. मला हे दिसायला पाहिजे होतं. आज ना उद्या बोर्ड जळाला असता." वायर घट्ट करताना स्क्रू बरोबर आवळलाय की नाही ते यांना विचारत होता. यांनी मान हलवून अजून थोडं म्हणून सांगितलं. त्याने अजून थोडं केलं.

तो माझ्याशी नाही, यांच्याशी बोलत होता. किती दिवसांनी कोणीतरी.

मॅडमचे, अश्वजितचे, त्या घुरघुरणाऱ्या फ्रिजचेही उपकार.

२२ जानेवारी, बुधवार

वेळ आमचीच राहिली. मॅडमनी आपणहून सांगितलं.

आज नवा शब्द: "लूज". स्वच्छ. नंतर दिवसभर घरात जे दिसेल ते लूज – नळ, खुंटी, सासूबाईंची कवळी. त्यासुद्धा हसल्या.

२४ जानेवारी, शुक्रवार

शब्द नाही आला आज एकही. होतं असं. सराव मात्र तुटला नाही, एवढं बास.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळी अश्वजित रिक्षा घेऊन दारात. आंबेनळीच्या रस्त्यावर एका खानावळीत नेट चार दिवस येतंय-जातंय, त्याला कारण सापडत नाही. "दादा, चला ना बघायला." मी नको म्हणायच्या आत हे उठले. शर्टाची बटणं मी लावली, चपला यांनी स्वतः घातल्या.

दुपारी शेजारच्या साळूबाईंनी कुंपणावरून हाक मारली. "शिरपत दिसत नाय गो ओटीवर?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कामाला गेलाय."