खांबावरचा मारुती

तीर्थरूप आबांस,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला पहिल्यांदाच लिहितो आहे. काय करू? कालपासून इतका संताप साठला आहे, आणि इथे सगळे म्हणतात, देवाधर्माचा माणूस असून एवढा चिडतोस!

परवा सकाळी इथे गुरुग्रामला धरणी हलली. मी पूजेला बसलो होतो. ताम्हनातलं पाणी थरथरलं आणि तुमची सून ओरडली, "अहो, देव राहू द्या, आधी खाली चला!" जिना उतरताना डोळ्यांपुढे आपलं गाव होतं, आबा. आपलं पडलेलं घर. कमल.

कुणाला काही झालं नाही. पण आमच्याच इमारतीखाली, पार्किंगमधल्या एका खांबाला तिरकी भेग पडली. मी म्हटलं, इंजिनिअर बोलवा. सोसायटीचे सेक्रेटरी हसले. "भाईसाहब, ग्रुप पे फोटो मत डालना. फ्लॅट के रेट गिर जाएंगे."

आणि काल संध्याकाळी पाहतो तर काय! भेगेवर मारुतीची भलीमोठी तसबीर. हार, उदबत्ती. लोक चपला काढून हात जोडताहेत! सेक्रेटरी मलाच म्हणाले, "आप तो रोज पूजा करते हैं, आरती आप ही शुरू कीजिए."

मारुतीराया काय सिमेंट आहे, आबा? भेग बुजवायला लावलं त्याला!

एक विचारतो, रागावू नका. आपल्याकडे भूकंप झाला तेव्हा महाराज पारावर म्हणाले, गावाचं पाप वाढलं होतं. तुम्ही मान खाली घातलीत. का? तुमची लेक, आपली कमल, एवढीशी होती. तिचं कसलं पाप? मातीत रचलेल्या दगडांची भिंत पडली तिच्यावर. ती भिंत काय देवाने रचली होती? त्या महाराजांना एक शब्द तरी बोलायचात!

मी काल बोललो. मारुतीला नमस्कार केला आणि तसबीर काढून छातीशी धरली. भेग सगळ्यांपुढे उघडी पडली.

"ये क्या कर रहे हो?" सेक्रेटरी ओरडले.

"घर ले जा रहा हूं. यहां इंजिनिअर को खड़ा कीजिए."

"लो, मराठी बाबू गरम हो गए!" मागून कुणीतरी हसलं.

पण पहिल्या मजल्यावरच्या शर्मावहिनी पुढे आल्या. भेगेवरून बोट फिरवून म्हणाल्या, "हंस क्या रहे हो? मेरे बच्चे इसी के ऊपर सोते हैं." मग कुणी हसलं नाही. एकेकाने मोबाइल काढून फोटो घेतले.

उद्या शर्मावहिनी आणि मी पालिकेत अर्ज देणार आहोत. खांब तपासून होईपर्यंत त्यावर ना रंग लागू देईन, ना देव. हा माझा शब्द.

आणखी एक. आपलंच काही चुकलं म्हणून कमलसाठी तुम्ही जन्मभर शनिवार धरलात. तुमच्यामागे मीही तो चालवला. पूजा सोडणार नाही, आबा. पण या शनिवारी मी पोटभर जेवणार आहे.

तुमचा,
दत्ता