ट्रॉयच्या गाडीचा धूर

१४ ऑक्टोबर १९९७, मंगळवार

आली एकदाची ती गाडी! टेम्पोला दोर बांधून पालीहून ओढत आणली. जपानी आहे, गल्फवरून जहाजाने आलेली, स्टिअरिंग डावीकडे. साडेतीन वर्षं समुद्राकाठी झावळ्यांच्या मांडवात उभी होती. खाऱ्या हवेने खालचं सगळं खाल्लंय. हात लावला की गंजाचे पापुद्रे पडतात.

सोबत पॅट्रिशियाबाई. चाळिशीची, काळी साडी, नजर एकदम स्थिर. मी विचारलं, इंजिन चालू करून हवंय का? म्हणाली, "मना चालवायची न्हाय. खालचा पाईप काढ, न् धूर आत कसा गेला ता बघ."

तिचा नवरा ट्रॉय याच गाडीत गेला. सुट्टीवर आला होता. भर दुपारी काचा लावून, एसी लावून आत झोपला. पेट्रोल संपलं तेव्हा इंजिन बंद पडलं, तोवर तो संपलेला. गावाने ठरवून टाकलं, मुद्दाम केलं. थोरला दीर इग्नेशियस तर घराण्याच्या कबरीवरच्या क्रूसावर ट्रॉयचं नाव घालूच देत नाही. येत्या दोन तारखेला त्यांचा मेलेल्यांचा दिवस, सगळं गाव कबरी सजवतं. "तीन वर्सं बिननावाच्या मातीवर फुलं ठेवतंय," म्हणाली. "औंदा न्हाय."

असल्या कामाला नाही म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं — करतो.

१५ ऑक्टोबर

घरी बायको, वासंती, भडकली. "दिवाळीच्या तोंडावर मेलेल्या माणसाची गाडी! दुसरं काम नाही का तुम्हाला?" म्हटलं, लोखंडाला काय कळतंय कोण मेलं ते. ती जेवायला वाढून निघून गेली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

धुराचा पाईप तीन नटांनी इंजिनला धरलाय. तिन्ही जाम! पाना लावला तर एकाचे कान गेले, नट गुळगुळीत गोल. डिझेल आणि ब्रेक ऑइल मिसळून पाजून ठेवलंय.

पाईपच्या मधोमध सेन्सर आहे. वासंतीला सांगायचं तर धुराचा वास घेणारं नाक. पेट्रोल जास्त जळतंय की कमी, ते इंजिनला सांगतं. आपल्याकडच्या शिशाच्या पेट्रोलवर हे नाक वर्षभरात मरतं. आता तिथे चिखल आणि गंजाचा नुसता गोळा दिसतोय. वायर नाहीच, उंदरांनी खाल्ली असणार. पण तो निघाल्याशिवाय पाईप खाली उतरत नाही, आडव्या पट्टीला अडतो.

ड्रायव्हरची सीट पार मागे पाडलेली आहे, झोपायला पाडतात तशी. सरळ करायला गेलो, हलेना. तीही जाम.

१८ ऑक्टोबर

बाई रोज चारला येते. स्टूल ओढून बसते आणि बघते. माझ्या हातांकडेच. चहा दिला तर घेते. मला काम करताना कुणी बघितलेलं चालत नाही, गिऱ्हाइकाला मी सरळ बाहेर काढतो. हिला काढता येत नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

गॅस लावून पहिला नट लाल केला. आधी जरासा आवळला, मग सोडला. कुरकुरत फिरला! दुसराही आला. तिसऱ्याचा बोल्टच मोडला, मोडू दे.

गरम लोखंड थंड होताना वाजतं — टिक, टिक. आतून कुणी नखाने वाजवावं तसं. रोजचा आवाज आहे, माझं लक्षही जात नाही. पण बाई उठली, गाडीजवळ गेली, काचेला कान लावला. मला म्हणाली, "बोलतंय काय रं?"

मी म्हटलं, लोखंड आकसतंय बाई.

२२ ऑक्टोबर

सकाळी गॅरेज उघडलं तर सगळ्या काचा कोरड्या आणि डावीकडची एकच आतून धुकट. गाद्यांत ओल आहे, उन्हाने वाफ धरत असेल. पण उजव्या बाजूच्या गादीतही ओल आहे ना! पुसायला दार उघडलं, आत हात घातला आणि मागे घेतला. आत उबदार होतं.

शेजारचा चंदन टायरवाला म्हणतो, "दशरथभाई, ये गाडी जल्दी निकालो. मेरा कुत्ता इधर आता नहीं."

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज गॅस पेटवलाच नाही. सिलिंडर रिकामा. दिवसभर दुसऱ्या गाड्यांची कामं केली.

चारच्या सुमाराला टिकटिक सुरू झाली. मोजली, अकरा वेळा. हातातला पाना ठेवला आणि बाहेर रस्त्यावर जाऊन ट्रक बघत उभा राहिलो. खरं लिहितो, घाबरलो. वीस वर्षं गाड्यांखाली झोपून काम करणारा मी!

परत आलो तर बाई स्टुलावर बसलेली. ऐकलं असणारच. 

२७ ऑक्टोबर, सोमवार

निघाला! पण तो सेन्सर नाहीच!

लाल होईपर्यंत तापवला, दोन फुटी नळी पान्यावर चढवली आणि अंगाचा सगळा भार टाकला. बाहेर आला तो जुन्या ट्रॅक्टरचा स्पार्क प्लग. आटे दोघांचे सारखेच असतात. कुणीतरी मेलेला सेन्सर काढून भोक बुजवायला हा ठोकलाय. पोटातली चिनीमाती काढून पितळ भरलंय, आणि ते पितळ तडकलंय. तडीभोवती काळी काजळी. बरोबर वर, ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यात, सेन्सरच्या वायरचं भोक उघडंच. वायर काढली, रबरी बूच लावलं नाही. धूर सरळ आत! भोकाच्या कडेलाही काजळी आहे.

म्हणजे त्याने जीव दिला नाही. झोपला होता, बस्स!

बाईला दाखवलं. तिने काजळीवर बोट फिरवलं, ते बोट बघत बसली. म्हणाली, "गल्फमधी सवय लागलती त्याला. एसीबिगर झोप येत नव्हती." मग रडली. मीही डोळे पुसले, लपवत नाही. इतक्या वर्षांत एवढं मोलाचं काम हातून झालं नव्हतं.

२८ ऑक्टोबर

बाईने इग्नेशियसला आणलं. धिप्पाड माणूस, गाडीखाली वाकून बघताना धापा टाकत होता. प्लग हातात घेऊन उभा राहिला. एवढंच म्हणाला, "क्रूसावर नाव आजच रंगवाया सांगतंय." जाता जाता वळला. "कोणा मिस्त्रीनं केलं हाय ता? हात तोडाया पायजे त्याचा!"

मी म्हटलं, बरोबर बोललात. कुणा गाढवाचं काम आहे. चार पैशांचं नवीन बूच मिळतं, ते सोडून प्लग ठोकतात!

बाई म्हणाली, तो प्लग साफ करून ठेव, दोन तारखेला घेऊन ये. कबरीजवळ सगळ्या घरच्यांना दाखवायचाय.

३० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

सकाळी गॅरेज झाडलं. प्लग रॉकेलच्या डब्यात टाकून तारेच्या ब्रशने घासला.

गंज गेला आणि खाली तीन ठिपके निघाले. पाना बसतो त्या षट्कोनाच्या एका बाजूला, ओळीने, पंचने मारलेले.

मी मारतो ते. माझं काम परत आलं तर ओळखू यावं म्हणून. दुसरं कुणी नाही मारत.

डोकं धरून बसलो आणि मग आठवलं. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात एकजण रिक्षातून नुसता पाईप घेऊन आला होता, गोणीत गुंडाळून. गाडी मी पाहिलीच नाही. हसरा होता. घाई होती त्याला. तसे त्या वर्षी कितीतरी आले, सगळ्यांना प्लग ठोकून दिले. वायर त्याने काढली, वरचं भोक त्याने उघडं ठेवलं. शंभरदा स्वतःला सांगितलं. पण धूर माझ्या प्लगातून आला. तो माणूस माझ्या हाताने मेला.

पूजेला बसलो नाही. वासंतीला सांगितलं, ताप आहे. ती कपाळाला हात लावून गेली.

३१ ऑक्टोबर

सांगून टाकावं का? सांगितलं तर इग्नेशियस हात तोडेल की नाही ते माहीत नाही, पण गॅरेज बंद होईल. आणि सांगून आता मिळणार काय? तिला हवं होतं ते मिळालं. नाव लागतंय.

टिकटिक चालूच आहे. आज गाडीकडे बघितलं नाही.

१ नोव्हेंबर

कानस घेतली. तिन्ही ठिपके घासून टाकले. पाच मिनिटांचं काम.

२ नोव्हेंबर, रविवार

पालीला जाऊन आलो. कबरीवर फुलं, ट्रॉयचं नाव ताज्या पांढऱ्या रंगात. बाईने मला बाजूला नेलं, प्लग घेतला, घासलेल्या चकचकीत जागेवर अंगठा फिरवला. म्हणाली, "पाईप गोणीत बांधून तुज्याकडंच तं आणलता ट्रॉयनं. मीच रिक्षात बसवून दिलं त्याला. म्हणून गाडी तुज्याकडं आणली. रोज बसून वाट बघितली, कवा बोलतंस म्हणून."