कापलेला उंबरा आणि आमच्या मंडळाची आचारसंहिता

पिनांग, सातवा महिना

ती. स्व. बुन सेंगदादांच्या चरणी धाकट्या बुन हाँगचा साष्टांग नमस्कार. (वाकता येत नाही म्हणून उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घ्यावा.)

इकडील सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे, पण क्षेम नाही. तुमची तब्येतही विचारायची पद्धत आहे. तर पावसात थडग्यात पाणी येतं का, आणि लाँगनच्या झाडाची मुळं पाठीला टोचायची थांबली का, ते कळवावं. माझे हात तसेच समोर ताठ आहेत. कागद भिंतीला डकवून लिहितो, त्यामुळे ओळी खाली घसरतात, सांभाळून घ्या. मागचं पत्र तुमच्याकडे पाठवायला जाळलं आणि नेमकी सर आली, म्हणजे अर्धंच पोचलं असणार. हे मी छपराखाली जाळणार आहे.

तुमच्या पत्रातली बातमी मी मंडळात वाचून दाखवली. प्रेतांना घंटा वाजवत गावी नेणारा मांत्रिक अखेर सापडला, आणि मोठ्या पौर्णिमेच्या आत तो बोटीने मला न्यायला येतोय! दादा, मी ज्या दिवशी गोदीत मालाच्या होडीवरून पडून मेलो आणि मेल्यावर उठून उड्या मारायला लागलो, त्या दिवसापासून ह्याच घंटेकडे कान लावून आहे. आमच्या 'परमुलुखस्थ ताठदेह मंडळा'चं ध्येयच ते: प्रत्येक सभासदाने आपल्या गावच्या मातीत जाऊन आडवं व्हायचं. फलक मीच रंगवला. त्याखालची आचारसंहितासुद्धा माझीच. माणसाचा श्वास प्यायचा नाही, भूक लागली तर बाजारातल्या खुराड्यावर भागवायचं. सातव्या महिन्यात मेलेल्यांसाठी होणाऱ्या नाटकाला, आपल्यासाठी रिकाम्या ठेवलेल्या पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर भांडायचं नाही. आणि रक्ताच्या नात्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही, फक्त दिवेलागणीला दारात उदबत्ती जळेपर्यंत बाहेर उभं राहायला हरकत नाही. एवढी वर्षं एकाही सभासदाने नियम मोडला नाही. आम्ही कसले सज्जन, म्हणून मी ताठ मानेने (दुसरी मान आपल्याकडे नाहीच) मिरवत होतो.

आता कळलं की सज्जनपणा आमचा नव्हता. तो उंबऱ्यांचा होता.

आपल्याला उंच उडी जमत नाही, आणि इथल्या जुन्या घरांचे उंबरे चांगले गुडघाभर. पण आता गल्लीतल्या निम्म्या घरांची हॉटेलं झाली. पाहुण्यांच्या चाकांच्या बॅगा अडतात म्हणून एकेक उंबरा कापून टाकतात. गेल्या महिन्यात माझ्या गेक सिमच्या घराचाही गेला. गेक सिम म्हणजे माझी धाकटी लेक, मी गेलो तेव्हा चार वर्षांची होती. आता नव्वदीला टेकली, दम्याने बेजार, चाकाच्या खुर्चीत असते. ती खुर्ची आतबाहेर करता यावी म्हणून तिचा नातू जेसन याने उंबरा कापून तिथे सिमेंटचा उतार केला. पोरगं गुणी आहे, पण त्याच्या त्या उताराने आमच्या मंडळाचं वाटोळं झालं.

लगेच तातडीची सभा. उपाध्यक्ष तिआम हॉक (जिवंतपणी शिंपल्यांचं ऑमलेट विकायचा, खादाडपणा तेव्हापासूनचा) उडी मारून पुढे आला. मी ध्येयावर भाषण सुरू केलं, तर म्हणतो, "चिटणीस, ध्येय राहू द्या भिंतीवर. इतकी वर्षं कोंबड्यांचा श्वास पितोय. कोंबडा आरवला की आपण संपतो, आता पहाटे मीच आरवेन आणि माझ्याच आवाजाने मरेन अशी धास्ती वाटते!" सगळे हसले. मी म्हटलं, गावी कोणत्या तोंडाने जाणार? तर मागून कोणीतरी म्हणालं, "गावी जायचंय कुणाला? तिकडे ओळखतं कोण?" दादा, मी इकडेतिकडे पाहिलं, एकानेही नाही म्हटलं नाही. शेवटी तिआम हॉकने तोड काढली. "नियमांवर एवढा जीव आहे ना तुमचा, म्हणजे होता तेव्हा? मग स्वतःच्या पोरीच्या घरात जाऊन या. कोरड्या तोंडाने बाहेर आलात तर आम्ही कायम कोंबड्या. नाहीतर पौर्णिमेपासून दारं मोकळी, आणि पहिलं दार तुमच्या पोरीचं."

गेलो. दिवेलागणीची वेळ होती. उतारावर उडी मारायचा अनुभव तुम्हाला नसेल, देवाने देऊही नये. पहिल्या उडीला वर गेलो आणि तसाच घसरत ओसरीत आलो, दुसऱ्या उडीला जेसनच्या सायकलवर. (मंडळ पलीकडच्या फुटपाथवर ओळीने उभं राहून खिदळत होतं.) तिसऱ्या उडीला पोत्यासारखा आत पडलो, देव्हाऱ्यापुढची संत्री घरभर झाली. उठून पाहतो तर गेक सिम नाही! इतकी वर्षं रोज दारातून पाहिलेला चेहरा, आणि आत आलो तर खुर्ची रिकामी. मग ध्यानात आलं. आपल्याला माणूस दिसतो तो त्याच्या श्वासामुळे, आणि तिने श्वास रोखून धरला होता. उड्यांचा आवाज आला की श्वास धरायचा, म्हणजे भूत निघून जातं, हे तिला मांडीवर घेऊन शिकवणारा मीच होतो.

दादा, माझ्या पाचावर धारण बसली. नव्वदीची दमेकरी बाई, मला भिऊन श्वास कोंडून बसलेली. किती वेळ धरवणार तिला? मागे वळावं तर हातांत पडदा अडकला. न राहवून तिच्या लहानपणीच्या लाडक्या नावाने ओरडलो, "आ गेक, श्वास घे! बाळ, श्वास घे!"

तिने श्वास सोडला, तो थेट माझ्या तोंडावर. आल्याचा आणि कडू काढ्याचा वास. एवढ्या वर्षांची भूक माझी, पण मी ओठ घट्ट आवळले. (एक सुळा ओठात रुतला, अजून निघालेला नाही.) ती डोळे बारीक करून बघत राहिली.

"बाबा?"

"हो गं."

"एवढी वर्षं बाहेर काय उभे राहिलात? आई म्हणायची, असतील इथेच."

"उंबरा होता."

"मग हाक मारायची होती."

दादा, हाक मारू नये असं आचारसंहितेत कुठेही नाही. ती मीच लिहिली आहे. मी कितीदा आठवून पाहिलं, कुठेही नाही. मला फार वाईट वाटतं आहे.

बाहेर आलो तर तिआम हॉक वाट अडवून उभा. म्हणाला, "कोरड्या तोंडाने यायचं ठरलं होतं. तुम्ही तर रडत आलात." आपल्याला रडू येत नाही, हे त्याला माहीत आहे, पण गाल खरंच ओले होते, आणि मतं घेतली तर सगळे त्याच्या बाजूने. पौर्णिमेपासून नियम रद्द. ध्येयाच्या फलकावर आता नाटकाच्या जाहिराती लावतात.

वहिनींच्या थडग्याला माझा नमस्कार सांगावा.

आपला,
बुन हाँग (माजी चिटणीस)

ता. क. लाँगनच्या झाडाखाली तुमच्या शेजारची माझी जागा तिसऱ्या काकांना द्यावी. ते रस्त्याकडेला पडून आहेत, गाड्यांचा त्रास होतो.

ता. क. २. मांत्रिकाला येऊ द्या, पण माझ्यासाठी नाही. येताना त्याने आपल्या घराचा उंबरा उखडून आणावा. ज्यावर आपण दोघं बसलो की आई केरसुणी घेऊन धावायची, तोच. तो चांगला उंच आहे, तिआम हॉकच्या बापालाही ओलांडता यायचा नाही. पौर्णिमेच्या आत गेक सिमच्या दारात बसला पाहिजे. तिला विचारलं, मग तुझी खुर्ची कशी जाणार? म्हणाली, "मला आता कुठे जायचंय? जेसनला मी समजावते."

ता. क. ३. उंबरा बसवताना मी कोणत्या बाजूला उभा राहू, हेही तिने ठरवून टाकलं आहे. दादा, मी आतल्या बाजूला असेन. तेव्हा हा नमस्कार शेवटचाच समजावा.