वादळातली होडी, चौथ्यांदा

रविवार, ७ जुलै

आज लबाडी केली. दोन दिवस हिच्या केमोच्या वॉर्डाबाहेर बाकावर गेले, नवा उपदेश लिहिलाच नाही. गेल्या रविवारचा कागद काढला — बायबलातलं वादळ, होडी, प्रभू गाढ झोपलेला — आणि अथपासून इतिपर्यंत वाचला. एकाच्याही कपाळाला आठी नाही! उलट खजिनदार चर्चच्या दारात माझा हात धरून म्हणतो, "पाळकसाहेब, आज अगदी काळजाला भिडलं." काळीज! ते कुठल्या बाजूला असतं, हे तरी ह्या माणसाला ठाऊक आहे का?

मंगळवार, ९ जुलै

गायनमंडळाची पुढारीण समाचाराला आली. हिला मळमळतंय, मी बादली धरून उभा, आणि बाईसाहेब डोळे मिटून वीस मिनिटं देवाला रोगाची माहिती पुरवताहेत. जाताना मला उपदेश: "विश्वास ढळू देऊ नका हं."

ढळायला उरलाय कुठे? रिपोर्ट आल्यापासून मला एका शब्दाची प्रार्थना जमलेली नाही. गुडघे टेकतो, तर गुडघेच दुखतात. म्हणे पाळक!

रविवार, १४ जुलै

पुन्हा होडी. ह्या खेपेला मुद्दाम. बघू तरी, किती बहिरे आहेत.

सगळे! म्हातारा शिंपी शेवटच्या बाकावर नेहमीसारखा घोरत होता. निदान तो प्रामाणिक. बाकीचे माना डोलावत होते. तीस वर्षं ह्या दगडांपुढे घसा कोरडा केला मी.

गुरुवार, १८ जुलै

हिचे केस गेले. आरशात बघून म्हणाली, "आता आपण दोघं सारखेच दिसतो." हसलो. मग विचारते, "रविवारी कशावर बोललात?"

"विश्वासावर," म्हटलं.

"हं," म्हणाली आणि कूस बदलली.

रविवार, २१ जुलै

चौथ्यांदा होडी. मधलं एक पान चुकून दोनदा वाचलं — आणि खजिनदाराने डोळे पुसले! किळस आली. त्यांची आलीच, त्यांच्यापुढे पोपटपंची करणाऱ्या माझी जास्त. राजीनामा लिहून ठेवला आहे. ह्या मंडळीला पाळक कशाला हवा? टेपरेकॉर्डर पुरे.

शनिवार, २७ जुलै

राजीनामा घेऊन शिंप्याच्या दुकानात गेलो. मंडळीच्या पंचांत थोरला तोच. तो गिऱ्हाइकाचं माप घेत होता, म्हणून मशीनपाशी थांबलो. तिथे त्याचं बायबल उघडं होतं. आमचे जुने लोक ज्या भागावर उपदेश होतो, त्याच्या बाजूला समासात तारीख टिपतात. होडीच्या गोष्टीशेजारी पेन्सिलीने चार तारखा होत्या. एकाखाली एक.

गिऱ्हाईक गेलं. मी बोट ठेवलं. "म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"दुसऱ्याच रविवारी, साहेब. सगळ्यांना कळलं."

"मग कोणी बोललं का नाही?"

त्याने माप घ्यायची पट्टी गळ्यात नीट केली. "तुम्ही गेल्यावर आम्ही सगळे मागे थांबलो. ठरवलं — बाई बऱ्या होईपर्यंत साहेबांनी तेच वाचलं तरी चालेल. आपण पहिल्यांदाच ऐकतोय, असं ऐकायचं. मला बजावलं होतं, निदान आता तरी झोपू नका. तेवढं काही जमलं नाही बघा."

राजीनामा खिशातून निघालाच नाही. घरी येईस्तोवर लाजेने कान तापले होते.

रविवार, २८ जुलै

कागदाशिवाय उभा राहिलो. म्हटलं, "मला प्रार्थना येईनाशी झाली आहे. तुम्ही करा," आणि खाली त्यांच्यात जाऊन बसलो. खजिनदार उठला. अडखळला, हिच्या आजाराचं नाव चुकला, मधेच रडला. इतकी गचाळ प्रार्थना मी तीस वर्षांत ऐकली नव्हती. शेवटी मी आमेन म्हणालो — रिपोर्ट आल्यापासूनचा पहिला.