देवाच्या अंघोळीचं पाणी

ती. अक्का,

नमस्कार. हे पत्र तुला पाठवणार नाही. तरी लिहितोय, कारण पूजेला बसलो की तुझ्याशी खोटं बोलल्याचं रोज आठवतं.

आई गेल्यावर तिचा मोगरा मी नेरुळला आणला. गावी टँकर आठवड्याने यायचा, तेव्हा तिने तो देवाच्या अंघोळीच्या तांब्याभर पाण्यावर जगवला होता. शेवटच्या दिवसांतही मला बजावायची, "दिना, तेवढंच घाल. त्याला तहानेची सवय हाय." पण इथे नळाला भरपूर पाणी. तिला जन्मभर घागरी वाहताना पाहिलं होतं, त्यामुळे माझा हात आखडेना. सकाळ-संध्याकाळ ओतत राहिलो. दोन महिन्यांत मुळं कुजली.

तू त्याची फांदी मागितलीस, तेव्हा सारसोळ्याजवळच्या नर्सरीतून रोप आणलं आणि आईच्या मोगऱ्याचं म्हणून तुला दिलं.

परवा तू फोनवर म्हणालीस, "औंदा पानी धा दिसांनी येतंय. पर देवाच्या अंघोळीचं मी आईच्या मोगऱ्यालाच घालते. कळ्या आल्यात बघ. वास अगदी तिच्या अंबाड्याचा."

मी नुसतं "बरं झालं" म्हणालो. खरं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून ते पाणी तू कुणाला घातलं असतंस?

पूजा झाली की तांब्या घेऊन मी इथे रिकाम्या कुंडीपाशी उभा राहतो. आषाढात तुझ्याकडे येईन, तेव्हा त्याची एक फांदी दे. आईच्या मोगऱ्याची म्हणूनच मागेन.

तुझा,
दिनानाथ