पायरीवरची अक्षत

१० ऑक्टो. ९७, शुक्र. खंडेनवमी
शस्त्रपूजा झाली. विळी, कात्री, लेकाच्या, बाबूच्या स्कूटरची चावी, आणि यंदा पहिल्यांदा मुग्धाचा कॅमेरा. नात माझी फोटोचं शिकते, कमी का आहे! समुद्रकाठच्या जुन्या गावाचे फोटो कॉलेजात मांडायचेत, आणि गाव कोणतं निवडलं तर आमचं वेलण बंदर. अण्णा, माझे वडील, गायकवाडी राज्यात तिथल्या जकात कोठीवर कारकून होते. माझी चौथीपण तिथलीच, महाराजांच्या सक्तीच्या शाळेतली. सगळ्या पोळीत, गल्लीत घरोघर, सांगून आले. शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "बा, तमे तो दरियानी दीकरी!" दर्याची लेक! म्हटलं, मग?
तर कॅमेरा. मु. त्याचं पाठचं दार उघडून ब्रशने साफ करत होती, फोन आला म्हणून उठली. मी तसाच पालथा चौरंगावर ठेवला. हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता. मु. आली ती किंचाळलीच. "आजी, त्याचं पोट उघडं आहे!" म्हटलं, बरंच की, आशीर्वाद आतपर्यंत गेला. फुंकलं, झटकलं, रोल भरला न् वेलणच्या बसला पळाली. दसरा तरी घरी कर म्हटलं, पण ऐकेल ती कसली.

१५ ऑक्टो. कोजागिरी
मु. आली. उन्हाने काळी ठिक्कर, केसात वाळू. कोठी अजून उभी आहे म्हणते! पण जागा बरफाच्या कारखान्यासाठी विकली गेली, दिवाळीनंतर पाडणार. दुधाचा पेला हातातच राहिला माझ्या.
"कोठीच्या पायऱ्यांचा फोटो काढलास ना गं?" "काढला गं बाई. कितीदा विचारशील?"
विचारीन. पाण्यात उतरणाऱ्या त्या पायऱ्यांवर उभं राहून नारळी पौर्णिमेला अण्णा पगडी घालून सरकारी नारळ सोडायचे, तोवर खारवे, तिथले कोळी, होडी लोटायचे नाहीत. अण्णा पाण्याला भ्यायचे. पहिल्या वर्षी लांबूनच फेकला, तो पायरीवर आपटून फुटला. खारवे हसले. अण्णांचं तोंड एवढंसं. तेव्हा त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, राहू द्या साहेब, दरिया येऊन घेऊन जाईल. आणि भरतीला आला की! मी बघितलंय. आता बघितलेली मी एकटीच उरले.
बासुंदी बरी झाली. बदाम महाग.

१८ ऑक्टो. शनि.
रावपुऱ्यातल्या स्टुडिओतून फोटो धुऊन आले. देवा.
एकूण एक फोटोत खाली मधोमध काळा तांदूळ. माझी अक्षत! आत चिकटून बसलेली. कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं म्हणे, वरचं खाली. मला काय ठाऊक. वाळूवर अक्षत, होड्यांवर अक्षत, आणि कोठीच्या फोटोत बरोब्बर पायऱ्यांवर. कठडा दिसतो, दार दिसतं, पायऱ्या तेवढ्या नाहीत.
मु. रडली. सर म्हणाले, असले मांडता येणार नाहीत. मी समजूत काढायला म्हटलं, शुभच आहे, तर ताट सारून उठली.
आणि एक सांगू का, माणूस कुठेच नाही फोटोत. नुसतं पाणी न् आभाळ. म्हणते, "लँडस्केप आहे आजी." असेल. गाव कुठंय?

२३ ऑक्टो. गुरु.
चार दिवस घरात कोणी नीट बोलत नाही. मीच म्हटलं, पुन्हा जा, आणि मला ने. कुठं उभं राहायचं ते दाखवते. बाबू पेपरातून मान वर न काढता, "आई, गुडघे." गुडघे माझे, दुखणं माझं, आणि नाही म्हणायचं ह्याने! मामलेदाराच्या वर. रात्रभर बसमध्ये बसवणार नाही म्हणतो. शिर्डीला नेलंस तेव्हा काय विमान होतं?
चकलीची भाजणी दळून आणली. जाडसर. सगळंच बिघडतंय.

३० ऑक्टो. लक्ष्मीपूजन
मु.ने आपणहून कॅमेरा चौरंगावर ठेवला. पाठच्या दाराला चिकटपट्टी मारलेली. "आजी, लांबून टाक हं." मी पायाशी एकच दाणा ठेवला. हसली मेली. बरं वाटलं.
मग एसटीडीवरून तिथल्या चहावाल्याला फोन लावला. पाडायचा मुहूर्त लाभपाचमचा, दिवाळीनंतरच्या पंचमीचा. इकडे नवं काम त्याच दिवशी काढतात, पाडकामसुद्धा! मु. एकटी जायला तयार. बाबूला पुन्हा विचारलं. "बघू." हा शब्द त्याच्या वडिलांचाच. त्यातून कधी काही निघालं नाही.

३ नोव्हें. सोम.
लाभपाचम परवावर आली. मु.ची बस आज.
जेवताना शेवटचं बोलले. म्हटलं, बाबू, तुझ्या आजोबांचा नारळ कुठं फुटला ते तू तरी सांगशील का हिला? हात धुतला न् उठला. सूनबाई म्हणाली, "जाऊ द्या ना आई." काय जाऊ द्या? तेच तर चाललंय.
आता विचारणं नाही, मी जाणार. जाडं लुगडं नेसले. गुडघ्याला तेल चोळून पट्टा बांधला. पिशवीत औषध, दशम्या, आणि नारळ, शेंडी ठेवून सोललेला. मु. दारात उभी, कॅमेरा पोटाशी. म्हणते, "आजी, पप्पा कुठे गेले?"
बाबूच्या चपला दारात नाहीत. रिक्षा आणायला गेला का रागाने, कोण जाणे. दांडियाबाजारच्या रिक्षा-स्टँडपर्यंत जाऊन परत येण्याएवढा वेळ तर होऊन गेला.
दारच्या ओटल्यावर बसून लिहितेय. पिशवी मांडीवर आहे.